तीन फेऱ्यांचं कवच

परवा आमच्या बावधनच्या फ्लॅटमध्ये नवं वॉशबेसिन आलं. खोक्यात ते भाताच्या पेंढ्यात गुंडाळून ठेवलेलं होतं. हिनं पेंढा उपसून बाल्कनीत टाकला आणि मी तिथंच फतकल मारून बसलो. मूठभर पेंढा नाकाशी धरला. नुकत्या कापलेल्या आंबेमोहोराचा वास पेंढ्यातसुद्धा काही दिवस राहतो. धूळ, ऊन, थोडं दव आणि त्याच्या तळाशी कुणी तरी शेजारच्या घरात भात शिजवतंय असा. "अहो, नळवाला थांबलाय," ही म्हणाली. नळवाला माझ्याकडे बघत होता. बेसिनच्या खोक्याशेजारी डोळे मिटून बसलेला माणूस त्यानं बहुधा पहिल्यांदाच पाहिला असावा.

खरं सांगायचं तर कापणीचा हंगाम आला की मला बरं वाटत नाही. लोकांना हुरूप येतो, मला अपराधी वाटतं. चाळीस वर्षं होत आली. त्या हंगामात मी एक चोरी केली. चोरी अगदीच लहान होती, पण ती लपवण्यात माझं वय गेलं.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरचा तो कार्तिक. मी, माझा चुलतभाऊ बबन आणि पौडचा युनूस, तिघंही सतरा-अठराचे. आमचं गाव पौडपासून चालत तासाभरावर. युनूसच्या अब्बांचं बाजारात विळे, कोयते, दोर, बिजागऱ्या असं सगळं मिळणारं दुकान होतं. कापणीआधी विळ्यांना गिऱ्हाईक मरणाचं. तो हंगाम उरकला की युनूसला दोन-तीन आठवडे मोकळीक मिळायची आणि तो आमच्याकडे यायचा. त्या वर्षी तो आला आणि त्याच आठवड्यात माझ्या आत्याचे यजमानही आले. ते बोटीवर नोकरीला होते. त्यांनी परदेशातून मला एक इंग्रजी पुस्तक आणि पाच चमत्कारिक फासे आणले होते. एक फासा तर वीस पैलूंचा. बबननं तो तळहातावर फिरवून बघितला आणि म्हणाला, "ह्ये तर शिताफळ हाय." त्या क्षणापासून त्या फाशाला दुसरं नाव राहिलं नाही. "शिताफळ टाक," "शिताफळावर अठरा पडलं," असंच आम्ही बोलायचो.

खेळ असा होता. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं पंच व्हायचं आणि गोष्ट सांगायची. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं आणि आपलं पात्र काय करतं ते बोलायचं. जमलं की नाही ते फासे ठरवणार. लढाई जुंपली की प्रत्येकाची पाळी ठरलेली. आधी राक्षस, मग दुसरा, मग तिसरा. सगळ्यांच्या पाळ्या झाल्या की एक फेरी पूर्ण. मला इंग्रजी बरं येत होतं, म्हणजे शब्दकोश माझ्याकडे होता, म्हणून पंच मी झालो. युनूस झाला जादूगार. त्यानं नाव ठेवलं मस्तान. बबन झाला योद्धा, आणि त्याचं नाव त्यानं बबनच ठेवलं. "दुसऱ्याच्या नावानं मी कशापायी मार खाऊ?" असं त्याचं म्हणणं.

आम्ही खेळायचो खळ्यावर. एकेका तुकड्यातलं भात कापून शेतात पसरलेलं, दोन-तीन दिवस वाळायचं असतं. तोवर खळं सारवून तयार. शेणानं सारवलेलं ते गुळगुळीत गोल आंगण दुपारी उन्हात भाकरीसारखं तापायचं. त्यावर मी राखेनं ताम्हिणीच्या घाटातली राक्षसाची गुहा काढली होती. गुहेसमोर दरी. आई पाण्याची कळशी घेऊन त्यातूनच चालत आली तेव्हा मी ओरडलो, "आई, तिथं दरी हाय!"

"दरीत पडले तर सैपाक कोन करल?" आई म्हणाली आणि दरी ओलांडून गेली.

पुस्तकाप्रमाणे एक फेरी म्हणजे एक मिनिट. आमची एक फेरी अर्धा-अर्धा दिवस चालायची. मध्येच बबनला बैल सोडायला जावं लागे, मध्येच मला दोर वळायला हाक येई, मध्येच युनूस नमाजाला ओढ्यापलीकडं जाऊन येई. तोवर राक्षसाची कुऱ्हाड हवेत. दोन आठवडे झाले तरी गुहेच्या तोंडाशी सुरू झालेली लढाई संपली नव्हती. पुस्तकाच्या हिशेबानं तिला अर्धा तासही झाला नसेल.

आता माझं पाप कळायचं तर मंत्रांचं एक कलम समजून घ्यावं लागेल. प्रत्येक मंत्राला मुदत असते. मस्तानकडं कवचाचा मंत्र होता, मुदत तीन फेऱ्या. कवच असेपर्यंत घाव लागत नाही, संपलं की लागतो. एवढं पुस्तकात स्वच्छ छापलेलं. पण तीन फेऱ्या कुठून कुठवर मोजायच्या ते ज्या पानावर होतं, त्या पानाला बोटीवर ओल लागून अक्षरं एकात एक मिसळली होती. आणि तिथंच सगळं अडलं.

मंगळवारी दुपारी मस्ताननं कवच घातलं. राक्षसाची पाळी पहिली, मस्तानची दुसरी. म्हणजे त्या फेरीतला राक्षसाचा घाव होऊन गेलेला. मी म्हणालो, "ही एक फेरी झाली. अजून दोन. तिसरी संपली की कवच गेलं."

"असं कसं?" युनूस म्हणाला. "ह्या फेरीत मी अर्ध्यात घातलंय. माज्या पाळीपासनं माज्या पाळीपत्तूर एक फेरी. मला राक्षसाचे तीन घाव चुकवता आलं पायजेत. तुज्या मोजण्यानं दोनच चुकत्यात."

त्याचं बरोबर होतं. मला तेव्हाच कळलं होतं. पण पंचाला लगेच कबूल करायला जड जातं. तेवढ्यात माझे वडील, तात्या, दोराचं वेटोळं खांद्यावर टाकून आले. गावात मुदतींच्या बाबतीत तात्यांचा शब्द शेवटचा. कुणाचा दहावा कधी, सुतक कधी फिटतं, पाहुणा किती दिवस राहिला तर त्याला कामाला लावायचं, सगळं त्यांना विचारत.

"तात्या, मुदत मोजताना पैला दिस धरायचा का सोडायचा?" मी विचारलं.

"धरायचा," तात्या म्हणाले. "मानूस गेल्याचा दिस सुतकात धरत्यात. रात्री धा वाजता गेला तरी त्यो दिस पुरा."

"पन तात्या, आमच्यात दिस सांजंला बदलतोय," युनूस म्हणाला. "मगरिब झाली की दुसरा दिस. तुमच्या हिशेबानं मंगळवारी गेलेला मानूस आमच्यात बुधवारी गेलेला आसतोय."

तात्यांनी दोर खाली ठेवला आणि मनापासून विचार केला. त्यांना प्रश्न आवडला होता. "मंग आसं करा," शेवटी ते म्हणाले, "जो कोन मरनार हाय त्याला सांज व्हायच्या आत मारा. भांडान न्हाई." आणि दोर उचलून गेले.

तोडगा युनूसनंच काढला. दुकानदाराचं डोकं. त्यानं चिंचेखालून तीन चिंचोके आणले आणि मस्तानच्या जागेवर ठेवून वर नारळाची करवंटी पालथी घातली. "माजी पाळी आली की एक उचलायचा. तिन्ही संपलं की कवच संपलं. वाद मिटला." इतकं न्यायी होतं ते की मला नाही म्हणता येईना.

मला हे स्पष्ट लिहिलं पाहिजे की माझ्या राक्षसात जीव राहिला नव्हता. त्याच्या अंगात पुस्तकाच्या भाषेत दोन ठोके उरले होते, युनूसच्या आगीच्या मंत्राला एवढे पुरे. पण कवच धरून आग सोडता येत नाही, आणि सोडायच्या आधीची एक पाळी ती पेटवण्यात जाते, असा नियम. मस्तान तिसऱ्या फेरीत आग पेटवणार, चौथीत कवच उतरलं की त्याच पाळीत ती सोडणार, आणि राक्षस संपणार; कवचाची एक फेरी कमी पडली तरच मधे राक्षसाचा घाव बसला असता. बबनची तलवार फाशांवर सारखी चुकायची, पण जादूगाराच्या आगीला फासे लागतच नाहीत, ती चुकत नाही. आणि तो राक्षस माझा होता. पंचाला जिंकायचं नसतं, गोष्ट चालू ठेवायची असते, हे पुस्तकात लिहिलेलं होतं आणि ते मी शब्दकोश लावून वाचलंही होतं. तरी पंधरा दिवस मी त्याला चालवलं होतं, त्याचा आवाज काढला होता. तात्या विचारत, "घशाला काय झालं?"

बुधवारी दुसरी फेरी. राक्षसाचा घाव कवचावर आपटला. युनूसनं करवंटी उचलली, एक चिंचोका काढला. राहिले दोन.

गुरुवारी सकाळी आम्ही बसलो आणि कुणाची तरी म्हैस वाळत घातलेल्या भातात शिरली. बबन आणि युनूस दगड घेऊन धावले. मी खळ्यावर एकटा. ऊन वर येत होतं, पेंढ्यावर चिमण्या होत्या, तांब्यात चहा निवत होता. मी करवंटी उचलली. हात माझाच होता, पण मला तो दुसऱ्याचा वाटला, असं लिहायचा मोह होतो. तो माझाच होता. एक चिंचोका घेतला. तेवढ्यात ते दोघे परत येताना दिसले. खिशाला भोक होतं, म्हणून मी चिंचोका तोंडात टाकला.

मग तिसरी फेरी सुरू झाली आणि पहिली पाळी राक्षसाची. म्हणजे बोलायचं मी. गालात चिंचोका ठेवून मी राक्षसाची डरकाळी फोडली. "राक्षस कुऱ्हाड उगारतो," मी म्हणालो, ते "लाक्षस कुल्हाड" असं काहीतरी बाहेर पडलं.

"दात दुखतोय का?" बबननं विचारलं.

घाव कवचावर आपटला. युनूसची पाळी आली. त्यानं करवंटी उचलली. खाली एकच चिंचोका. तो बघत राहिला. करवंटीच्या आत बघितलं, सारवणावर हात फिरवला.

"दोन पायजेत," तो म्हणाला. "तीन ठेवले व्हते मी. काल एक काढला."

"काय म्हाईत," बबन म्हणाला. "म्हशीमागं पळताना लाथ लागली आसंल."

युनूसनं माझ्याकडे बघितलं. संशय नव्हता त्यात. पंचाकडं बघतात तसं बघितलं. तेव्हा मी चिंचोका गिळला आणि म्हणालो, "तुजंच मोजायला चुकलं आसंल."

चिंचोका गिळणं सोपं नाही. घशात तो बराच वेळ अडून होता. लहानपणी ऐकलं होतं की पोटात झाड उगवतं. त्या वयात मी त्यावर विश्वास ठेवत नव्हतो, पण त्या दिवशी दुपारी जेवलो नाही.

युनूसनं शेवटचा चिंचोका उचलला. कवच संपलं. करवंटीखाली एक कमी कसा, ह्याच विचारात तो गुंतला होता, आणि आग अजून पेटवायची होती. "मस्तान आग पेटवतो," एवढंच म्हणाला. चौथ्या फेरीत राक्षसाची पहिली पाळी. शिताफळावर सतरा पडलं. मस्तान मेला. मी ते फार सुंदर वर्णन करून सांगितलं, ह्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

युनूसनं मस्तानचा कागद, दुकानातल्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहिलेला, चार घड्या घालून खिशात ठेवला. तो दुसऱ्या दिवशी झोडणीला आला, दिवसभर आमच्याबरोबर पेंढ्या आपटल्या, पाठ सोलून घेतली, जेवला, हसला. खेळाचं नाव काढलं नाही. त्यानंतर आम्ही तो खेळ कधी खेळलो नाही. पुढं अब्बांची कंबर धरली आणि युनूस दुकानात बसला तो बसलाच.

मी नोकरीला लागलो तो सरकारी कचेरीत, आस्थापना शाखेत. लोकांच्या रजा मोजायचं काम. रजेच्या आधीचा रविवार धरायचा की सोडायचा, मधली सुट्टी कुठं मोजायची, रुजू झाल्याचा दिवस कामाचा की रजेचा. तीस वर्षं मी हेच केलं आणि कुणाचा एक दिवस कमी धरला नाही. सहकारी म्हणत, हा माणूस फार काटेकोर. मी आपला फेडत होतो. दर अर्जागणिक एक चिंचोका.

युनूसला सांगायचं मी अनेकदा ठरवलं. त्याच्या निकाहाला पौडला गेलो तेव्हा ठरवलं होतं. पण फुलांच्या झालरीआडून फक्त त्याची मिशी दिसत होती, आणि मिशीला कसं सांगणार? अब्बा गेले तेव्हा तिसऱ्या दिवशी मातीला गेलेल्यांबरोबर बसलो होतो. तीही वेळ नव्हती. तात्या गेले तेव्हा युनूस दहाव्याला नदीवर बरोब्बर आला, न सांगता. मी विचारलं, "तुला दिवस कुणी सांगितला?" "तात्यांनीच," तो म्हणाला. "पैला दिस धरून." आम्ही दोघंही रडलो, आणि माझ्या रडण्यात तात्यांचा वाटा किती आणि मस्तानचा किती हे मला त्या दिवशीही सांगता आलं नसतं.

आपण समजतो की मंत्राची मुदत संपली की तो संपला. मला पंधरा दिवसांच्या तापाचं औषध पाच दिवसांत सोडल्याचं आठवत नाही, दहावीचे मार्क आठवत नाहीत, पण करवंटीखालचं ते शेणाचं वर्तुळ आठवतं. त्याचा रंग, त्याच्यातली काडी.

तर बेसिन बसलं, नळवाला गेला, आणि मी तसाच बाहेर पडलो. चांदणी चौकातून एसटी धरली. रस्त्याच्या कडेनं आता शेतं मोजकी. जिथं होती तिथं कापणी चालू होती, बांधापलीकडं बारा मजल्यांची इमारत, आणि इकडं दोन बाया वाकून विळ्यानं भात कापतायत. पौडला उतरलो. दुकानात युनूस होता. दाढी पांढरी, चष्मा नाकाच्या टोकावर. समोर एक म्हातारबा बिजागऱ्या घ्यायला उभे.

"ये सुध्या! बस. वहिनी बऱ्या हायेत?" असं म्हणत त्यानं बारा बिजागऱ्या मोजल्या, परत पहिल्यापासून मोजल्या.

"दोन्दा कशाला मोजतुयास?" म्हातारबा म्हणाले. "माझ्या डोळ्यांदेखत मोजल्यास की."

"सवय हाय, बाबा."

मी बसलो नाही. उभ्या उभ्या म्हणालो, "युनूस, त्या वेळी करवंटीखालचा चिंचोका मी काढला व्हता. तुजं मोजणं बरोबर व्हतं."

कुठली करवंटी, असं तो विचारेल असं मला वाटलं होतं. घरून निघताना मी तशी आशाही धरली होती. त्यानं हातातली बिजागरी खाली ठेवली.

"खिशात टाकलास?"

"तोंडात. मग गिळला."

त्यानं मोजलेल्या बिजागऱ्या बाजूला सरकवल्या. मग म्हणाला, "मला वाटलं, माजंच चुकलं. दुकानात बसलो तवा पैल्याच दिशी अब्बांनी खिळे मोजायला दिले. मी मोजले आन मला वाटलं, चुकलं आसंल. परत मोजले. तवापासनं मी समदं दोन्दा मोजतोय, सुध्या. माजी बायकू हसती. लेक हसती. समदं पौड हसतंय."

मला वाटत होतं की मी फक्त मस्तानला मारलंय.

"माफ कर" हे शब्द मी म्हणालो. ते त्यानं ऐकले, घेतले की नाही कळलं नाही. त्याचा चेहरा लाल झाला होता. अठ्ठावन्नाव्या वर्षी माणूस एका खेळावरून इतका रागावू शकतो हे मला माहीत नव्हतं, आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं.

"म्हंजी चौथ्या फेरीत कवच व्हतं," तो म्हणाला.

"व्हतं."

"मस्तान वाचला."

"वाचला."

"मंग उभा काय ऱ्हायलास? पंच तूच ना? निकाल दे."

मी टोपी काढली. का काढली माहीत नाही. गल्ल्यासमोर नीट उभा राहून म्हणालो, "चौथी फेरी. राक्षसाचा घाव कवचावर आपटतो. लागत नाही. आता कवच उतरतं. मस्तानची पाळी. काय करतोस?"

युनूसनं चष्मा काढून पुसला. विचार केला. ह्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं, पण त्यानं केला, आणि मी थांबलो, म्हातारबाही थांबले.

"आग सोडतो," तो म्हणाला.

"लागली."

"मेला?"

"मेला."

म्हातारबांनी डोक्यावरची टोपी नीट केली आणि आवाज खाली आणून युनूसला विचारलं, "कोन मेलं?"

"ह्यांचा राक्षस," युनूस माझ्याकडं बोट करून म्हणाला.

म्हातारबांनी माझ्याकडे बघितलं. राक्षस हे आडनाव असतं की टोपणनाव हे त्यांनी विचारलं नाही. गेलेल्या माणसाबद्दल ते विचारत नाहीत. "लई दिस आजारी व्हते का?"

"व्हय," मी म्हणालो. "लई दिस."

"सुटले म्हनायचं मंग," ते म्हणाले, आणि बिजागऱ्यांची पिशवी उचलली.